हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची तातडीची लक्षणे

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची तातडीची लक्षणे म्हणजे हृदयाच्या स्नायूचा किंवा मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक खंडित झाल्याचे सुचवणारी आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे भाग पाडणारी लक्षणे होत. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखी वेदना, ती हात, जबडा वा पाठीकडे पसरणे, थंड घाम आणि धाप ही हृदयाची प्रमुख लक्षणे आहेत. चेहरा एका बाजूस ओघळणे, एका हाताची वा पायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा निरर्थक होणे, दृष्टी वा तोल अचानक जाणे ही मेंदूची प्रमुख लक्षणे होत.

हे दोन्ही आजार वेगवेगळ्या अवयवांचे असले, तरी त्यांचा विचार एकत्र केला जातो. दोहोंचे मूळ बहुधा रक्तवाहिनी बंद होण्यात असते आणि दोहोंवरील सर्वांत प्रभावी उपचार केवळ काही तासांच्या मुदतीतच करता येतात. ही मुदत बहुतेक वेळा रस्त्यावर किंवा रुग्णालयात नव्हे, तर घरातच, लक्षणाला दुसरेच काही नाव देण्यात सरते.

नावे आणि त्यांतून होणारे गैरसमज

मराठीत पक्षाघातासाठी अर्धांगवायू, लकवा, 'अंगावरून वारे जाणे' असे अनेक शब्द रूढ आहेत. 'पक्ष' म्हणजे बाजू आणि 'आघात' म्हणजे तडाखा. शरीराच्या एका बाजूवर अकस्मात बसलेला तडाखा असा त्याचा अर्थ. इंग्रजीतील 'स्ट्रोक' या शब्दाचाही मूळ अर्थ तडाखा असाच आहे. 'लकवा' हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच आहे. आयुर्वेदात या विकारांची गणना वातव्याधींत होते. चरकसंहितेतील वातव्याधींच्या प्रकरणात चेहऱ्याच्या 'अर्दित' या विकाराचे आणि अर्ध्या अंगाच्या विकाराचे वर्णन आहे. 'अर्धांगवायू' आणि 'वारे जाणे' हे शब्दप्रयोग याच परंपरेतले.

शब्द म्हणून ते सुंदर आहेत, पण व्यवहारात त्यांनी एक अडचण निर्माण केली आहे. वारे हात-पायांवरून गेले, म्हणजे बिघाड हात-पायांत झाला, असा समज त्यांतून दृढ होतो. मग तेल चोळणे, शेक देणे, अंग झाकून झोपवणे असे उपचार सुरू होतात. वास्तविक हात आणि पाय निरोगी असतात. बिघाड मेंदूत झालेला असतो. डाव्या अंगाची हालचाल मेंदूचा उजवा अर्धगोल आणि उजव्या अंगाची डावा अर्धगोल नियंत्रित करतो, त्यामुळे दुबळे झालेले अंग पाहून इजा मेंदूच्या कोणत्या बाजूस आहे याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात.

'स्ट्रोक' हा शब्द मराठी बोलण्यात रुळला असला तरी उन्हाळ्यात 'उष्माघात' या अर्थाने 'सनस्ट्रोक' किंवा 'हीट स्ट्रोक' असेही म्हटले जाते. तो आजार सर्वस्वी निराळा आहे. 'झटका' हा शब्दही संदिग्ध आहे. अपस्मारात म्हणजे फेफऱ्यात हातपाय आखडून उडतात त्यालाही झटकाच म्हणतात. दूरध्वनीवर मदत मागताना 'झटका आला' एवढेच सांगितल्यास ऐकणाऱ्यास अर्थबोध होत नाही. 'छातीत दुखते आहे आणि घाम फुटला आहे' किंवा 'अर्धे अंग हलत नाही, बोलता येत नाही' असे सरळ वर्णन अधिक उपयोगी ठरते.

आणखी एक घोटाळा वृत्तपत्रांतून नित्य दिसतो. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूच्या एका भागाचे रक्त अडते. हृदय बहुधा धडधडतच असते, रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, क्वचित चालतोही. हृदयक्रिया बंद पडली की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो. झटका हे त्याचे एक मोठे कारण आहे, एकमेव नव्हे. रुग्ण 'चांगला बोलतो आहे, म्हणजे अटॅक नसावा' हा निष्कर्ष या घोटाळ्यातूनच निघतो.

शरीरात काय घडते

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना परिहृद् रोहिणी म्हणतात. त्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे मेदयुक्त थर साचतो. हा थर एखाद्या क्षणी फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद होते. रक्त न मिळालेला स्नायू साधारण अर्ध्या तासापासून मरू लागतो आणि पुढील काही तासांत हा मृत भाग वाढत जातो.

बहुतांश पक्षाघातांत मेंदूच्या रोहिणीत गुठळी अडकते. ती तेथेच तयार होते, किंवा मानेतील रोहिणीतून वा हृदयातून वाहत येते. उरलेल्या रुग्णांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. या दोहोंचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत: एकात गुठळी विरघळवायची, तर दुसऱ्यात रक्त वाहू द्यायचे नाही. बाहेरून पाहून हा भेद अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने करता येत नाही. त्यासाठी मेंदूचे सीटी स्कॅन करावे लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार मोठी रोहिणी बंद झालेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे

छातीच्या या वेदनेचे आधुनिक वैद्यकातील पहिले सुस्पष्ट वर्णन इंग्लंडमधील विल्यम हेबर्डन यांनी केले. १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत उद्भवणाऱ्या आणि थांबताच शमणाऱ्या वेदनेची नोंद केली व तिला 'अंजायना पेक्टोरिस' हे नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचे लॅटिन मूळ गळा आवळण्याशी संबंधित आहे. पुढे १९१२ मध्ये अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी रोहिणी अचानक बंद झाली तरी रुग्ण तत्काळ दगावतोच असे नाही, हे दाखवले. तोपर्यंत असा झटका हा बहुधा शवविच्छेदनातच कळणारा आजार मानला जाई. लक्षणे ओळखून उपचार करण्याची कल्पना त्यानंतरच अर्थपूर्ण झाली.

वेदनेचे स्वरूप 'टोचणे' यापेक्षा 'दाबणे' असे असते. छातीवर दगड ठेवल्यासारखे, पट्टा आवळल्यासारखे, जड झाल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटते, अशी वर्णने रुग्ण करतात. पुष्कळजण तिला वेदना म्हणतच नाहीत. 'दुखत नाही, पण कसेतरी होते' असे सांगतात. जागा विचारली असता एका बोटाने ठिकाण दाखवण्याऐवजी रुग्ण छातीच्या मध्यावर मूठ वा तळवा ठेवतो. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. हृदय डावीकडे असते या शालेय ज्ञानामुळे मध्यभागी दुखल्यास 'हे हृदयाचे नव्हे' असे समजणारे अनेक आहेत. पण हृदय छातीच्या मध्याजवळच, थोडे डावीकडे कललेले असते आणि त्याची वेदना प्रायः मध्यभागीच जाणवते.

ही वेदना डाव्या हाताच्या आतील बाजूने करंगळीपर्यंत उतरते. उजव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यांत, गळ्यात, खालच्या जबड्यात, दोन खवाट्यांच्या मधे किंवा बेंबीच्या वर पोटातही ती जाणवू शकते. कधी छातीत काहीच नसते आणि केवळ जबडा दुखतो, म्हणून रुग्ण दंतवैद्याकडे जातो. हृदयाकडून आणि या भागांकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या त्याच पातळ्यांवर एकत्र येत असल्याने मेंदूची अशी फसगत होते. ढोबळमानाने जबड्यापासून बेंबीपर्यंतच्या टापूत अचानक उद्भवलेल्या आणि स्पष्ट कारण नसलेल्या अस्वस्थतेत हृदयाचा विचार करावा, असे सांगितले जाते.

सोबतच्या लक्षणांत थंड घामाला विशेष महत्त्व आहे. पंखा सुरू असताना, श्रम न करता सदरा भिजेल इतका घाम फुटणे आणि चेहरा पांढराफटक पडणे हे केवळ अपचनाने सहसा होत नाही. मळमळ, उलटी, धाप, चक्कर, छातीत धडधड, आणि काहीतरी भयंकर घडणार अशी अनाकलनीय भीती हीदेखील लक्षणे आढळतात.

मराठी घरांत या लक्षणांना सर्वांत अधिक वेळा दिले जाणारे नाव 'पित्त' किंवा 'गॅस' हे आहे. हा गैरसमज अगदीच निराधार नाही, म्हणूनच तो घातक ठरतो. अन्ननलिका हृदयाच्या लगेच मागे असते, आम्लपित्ताची जळजळही छातीच्या मध्यावर होते, आणि हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात मळमळ, ढेकर व पोटाच्या वरच्या भागातील दुखणे ठळक असते. ओवा, सोडा किंवा आम्लनाशक औषध घेतल्यावर बरे वाटले, यावरून दुखणे पोटाचेच होते असे सिद्ध होत नाही. हृदयाची वेदनाही चढ-उतार करते. वेदना श्रमाने वाढणे, घाम येणे, हात वा जबड्याकडे पसरणे यांपैकी काहीही असल्यास पित्ताचा विचार नंतर करावा.

वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात चित्र बरेचदा अस्पष्ट असते. दीर्घकाळच्या मधुमेहाने वेदना वाहून नेणाऱ्या चेता क्षीण होतात, त्यामुळे छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. केवळ धाप, अतिशय थकवा, घेरी किंवा उलटी एवढेच लक्षण असते. स्त्रियांतही छातीतील दुखणे हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे, मात्र त्यासोबत मळमळ, धाप, पाठ वा जबड्याचे दुखणे आणि पूर्वी कधी न जाणवलेला थकवा पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. घरकामाच्या दगदगीवर या थकव्याचे खापर फुटते, आणि स्वयंपाक आटोपल्यावर डॉक्टरांकडे जाऊ असे ठरते. झटका हा पुरुषांचा आजार आहे ही समजूत स्वतः स्त्रियांमध्येही आहे.

वयाविषयीही असेच. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय सुमारे ५३ वर्षे, तर इतर प्रदेशांत सुमारे ५९ वर्षे आढळले. चाळिशीतल्या, क्वचित तिशीतल्या माणसाची तक्रार 'या वयात कसला अटॅक' म्हणून उडवून लावणे भारतीय परिस्थितीत विशेष धोक्याचे आहे. त्यातही तंबाखू ओढण्या-खाण्याचे व्यसन, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा कुटुंबात अल्पवयात हृदयविकार झालेला असल्यास धोका आणखी वाढतो.

काही रुग्णांना झटक्याच्या आधी काही दिवस किंवा आठवडे सूचना मिळते. नेहमीचा जिना चढताना छाती भरून येते, थांबल्यावर बरे वाटते. पुढे हे कमी श्रमात होऊ लागते, अधिक वेळ टिकते किंवा बसल्या जागी वा झोपेतही होते. श्रमाविना होणारी किंवा वाढत चाललेली अशी वेदना हा झटक्याचा उंबरठा समजला जातो आणि तीत त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

बोटाने दाबल्यावर वाढणारी, श्वासागणिक टोचणारी किंवा क्षणार्धात येऊन जाणारी वेदना हृदयाची असण्याची शक्यता कमी असते. परंतु ती नाहीच असे घरी ठरवता येत नाही. छाती किंवा पाठ फाटल्यासारखी अकस्मात होणारी अत्यंत तीव्र वेदना महारोहिणीचे अस्तर चिरल्याने होऊ शकते. ती तितकीच तातडीची आहे.

पक्षाघाताची लक्षणे

पक्षाघाताचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे अकस्मातपणा. लक्षणे बहुधा क्षणात किंवा काही मिनिटांत उभी राहतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती बहुतेकदा दुखत नाहीत. छातीतील कळ माणसाला हादरवते; हात निर्जीव होणे त्या मानाने निःशब्द असते, आणि 'अंगाखाली हात आला असेल, मुंग्या जातील' म्हणून रुग्ण पुन्हा झोपी जातो. मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झालेल्या काही रुग्णांना तर आपले डावे अंग लुळे पडले आहे याची जाणीवच नसते. ते आग्रहाने 'मला काही झालेले नाही' असे सांगतात. म्हणून रुग्णाच्या म्हणण्यापेक्षा शेजारच्या माणसाच्या निरीक्षणाला येथे अधिक मोल आहे.

सामान्य माणसाला करता येईल अशी चाचणी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाली. चेहरा, हात, वाणी आणि वेळ यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'फास्ट' म्हणून ओळखली जाते. ही आद्याक्षरे मराठीत जुळत नाहीत; त्यामुळे वरून खाली, चेहरा, मग वाचा, मग हात, असा क्रम ध्यानात ठेवणे सोपे जाते.

रुग्णास हसायला किंवा दात दाखवायला सांगावे. तोंडाचा एक कोपरा खाली राहतो, गालावरची घडी एका बाजूस पुसट होते, पाणी किंवा लाळ त्या बाजूने ओघळते. मग डोळे मिटून दोन्ही हात खांद्यांच्या पातळीवर, तळवे वर करून समोर धरण्यास सांगावे. दहा सेकंदांत एक हात खाली घसरू लागला किंवा तळवा आत वळला, तर त्या अंगाची शक्ती कमी झाली आहे. हात अजिबात न उचलणे एवढेच लक्षण नव्हे. चहाचा कप निसटणे, सदऱ्याची गुंडी न लागणे, पायातली चप्पल नकळत सुटणे हीदेखील त्याच दुर्बलतेची रूपे आहेत.

वाणीतील बिघाड दोन प्रकारचा असतो आणि त्यांतील भेद मराठीच्या विद्यार्थ्यास सहज समजेल. पहिल्यात उच्चार बिघडतो, भाषा शाबूत असते. ओठ नीट मिटत नसल्याने प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण, आणि जीभ नीट वळत नसल्याने ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण अस्पष्ट होतात. बोलणे दारू प्यालेल्यासारखे जड वाटते. दुसऱ्यात भाषाच बिघडते. रुग्णाला शब्द सापडत नाही, 'पाणी' म्हणायचे असता तो भलताच शब्द उच्चारतो, किंवा अस्खलित पण अर्थहीन बोलतो; कधी दुसऱ्याचे बोलणेच त्याला कळत नाही. या दुसऱ्या प्रकारास वाचाघात म्हणतात. भाषेची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असल्याने तो बहुधा उजव्या अंगाच्या दुर्बलतेसोबत येतो. अशा रुग्णास 'भ्रम झाला', 'वेड्यासारखे बोलतात' असे समजून खोलीत एकटे सोडल्याने मोलाचा वेळ जातो. 'उद्या बुधवारचा बाजार आहे' यासारखे साधे वाक्य म्हणवून घेतले, की उच्चार आणि आकलन दोन्ही तपासले जातात.

या तीन खुणांपैकी एक जरी नव्याने आढळली तरी पक्षाघाताची शंका घेण्यास ती पुरेशी असते. तिन्ही दिसण्याची वाट पाहू नये.

मात्र मेंदूच्या मागील भागाचा पक्षाघात या चाचणीतून निसटू शकतो, म्हणून पुढे तोल आणि डोळे यांची तिच्यात भर घालण्यात आली. अचानक गरगरणे व उभे राहताच एका बाजूला कोलमडणे, एका डोळ्याची किंवा दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची दृष्टी जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, घास गिळता न येणे हीदेखील पक्षाघाताची लक्षणे होत. आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र, क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, विशेषतः उलटी, मान आखडणे किंवा गुंगी यांसह, मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते.

पक्षाघातासारखे भासणारे इतर विकारही आहेत. मधुमेहाच्या औषधाने साखर फार उतरल्यास अर्धे अंग लुळे पडल्यासारखे होऊ शकते. घरी साखर मोजण्याचे यंत्र असल्यास वाटेतच मोजून पाहावी. चेहऱ्याच्या चेतेला सूज आल्यानेही तोंड वाकडे होते. त्यात बहुधा कपाळावरही त्या बाजूला आठी पडत नाही, तर पक्षाघातात आठी पडते. परंतु हा निवाडा डॉक्टरांचा आहे. कपाळ पाहून घरी थांबण्याचा निर्णय घेण्यासाठी ही माहिती नाही.

क्षणिक पक्षाघात

कधी हात लुळा पडतो, वाचा जाते, आणि दहा-पंधरा मिनिटांत सर्व पूर्ववत होते. गुठळी आपोआप विरघळून किंवा पुढे सरकून गेलेली असते. यास क्षणिक रक्तन्यूनतेचा झटका म्हणतात. एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार होऊन तो पुन्हा सरणे हेही त्याचेच एक रूप.

या झटक्यानंतर घरातील सर्वांना हायसे वाटते. देवापुढे दिवा लावला जातो आणि डॉक्टरांकडे जाणे राहून जाते. प्रत्यक्षात मोठ्या पक्षाघाताचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. या अवधीत तपासणी होऊन गुठळीरोधक औषधे सुरू झाली, मानेच्या रोहिणीतील अडथळा किंवा हृदयाचे अनियमित ठोके सापडले, तर पुढील आघात पुष्कळदा टाळता येतो.

मदत मिळेपर्यंत

छातीतील वेदना विश्रांती घेऊनही पाच मिनिटांत न शमल्यास रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास चालवू नये. जिना उतरवताना खुर्चीत बसवून उतरवावे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. वाटेत शुद्ध हरपल्यास अशा रुग्णासाठी काहीही करता येत नाही. रुग्णाने स्वतः वाहन चालवणे तर सर्वथा वर्ज्य.

ॲस्पिरिनची ॲलर्जी, अलीकडे झालेला रक्तस्राव किंवा जठरव्रण नसल्यास ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाण्याचा सल्ला हृदयविकाराच्या संशयात दिला जातो. दूरध्वनीवरील डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अनेक घरांत तयार असते. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. तिने रक्तदाब एकदम उतरतो. घेरी येत असलेल्या किंवा लैंगिक दुर्बलतेवरील काही औषधे घेतलेल्या रुग्णात ती अपायकारक ठरते.

पक्षाघाताच्या संशयात ॲस्पिरिन देऊ नये, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढेल. रक्तदाब वाढलेला दिसला तरी घाईने तो उतरवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. अडलेल्या भागाला त्या दाबानेच थोडेफार रक्त मिळत असते. पाणी, चहा, काढा काहीही पाजू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असल्यास किंवा गुंगी असल्यास कुशीवर वळवावे. नाकाशी कांदा धरणे, बोटांना सुई टोचून रक्त काढणे, जोरजोरात खोकून हृदय सुरू ठेवणे असे समाजमाध्यमांवर फिरणारे उपाय निरुपयोगी असून त्यांत वेळ वाया जातो.

रुग्ण बेशुद्ध पडला आणि त्याचा श्वास थांबला किंवा तो अधूनमधून आचके देऊ लागला, तर हृदयक्रिया बंद पडली असे समजून छातीदाब सुरू करावा. उताणे, कठीण पृष्ठभागावर निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवावेत आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. प्रशिक्षण नसलेल्याने केवळ दाब दिला तरी चालते. आचके म्हणजे श्वास नव्हे, हे येथे महत्त्वाचे आहे.

कोणत्या रुग्णालयात जावे

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही आजारांत वेगळे आहे. छातीतील वेदनेत पहिली गरज ईसीजीची असते आणि तो रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काढला जावा असा दंडक आहे. ही सोय अनेक लहान रुग्णालयांतही असते. पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणजे झटका नाही असे होत नाही. तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन या प्रथिनाची रक्तचाचणीही करावी लागते. 'ईसीजी नॉर्मल आहे' एवढ्यावर, वेदना चालू असताना, घरी परतू नये. रोहिणी पूर्ण बंद असल्यास ती फुग्याने उघडणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा सर्वोत्तम उपचार होय. तो निदानानंतर दोन तासांत मिळण्याजोगा नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत, देऊन मग रुग्णास मोठ्या केंद्राकडे पाठवतात. हे इंजेक्शन पहिल्या १२ तासांतच देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वाधिक येतो.

पक्षाघातात मात्र सीटी स्कॅनची चोवीस तास सोय नसलेल्या ठिकाणी नेणे म्हणजे एक तास गमावणे होय. निघण्यापूर्वी तसे दूरध्वनीवर विचारून घ्यावे. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेस या औषधाचा उपयोग १९९५ मध्ये पहिल्या तीन तासांसाठी सिद्ध झाला आणि २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी रोहिणी बंद असल्यास मांडीतून नलिका घालून गुठळी बाहेर काढण्याची पद्धत २०१५ पासून प्रस्थापित झाली. ती साधारणतः सहा तासांत, आणि २०१८ मधील अभ्यासांनंतर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वापरली जाते. ही शेवटची मुदत सर्वांना लागू नाही, हे ती ऐकून निश्चिंत होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची निःशुल्क रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू असून रुग्णवाहिकेत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. गोव्यात हाच क्रमांक त्याआधीपासून वापरात आहे. ११२ हा देशभरातील सामायिक आपत्कालीन क्रमांक होय. गोव्यात परिघावरील सरकारी रुग्णालयांत काढलेला ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञांकडून तपासून तेथेच इंजेक्शन देण्याची आणि रुग्णास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्याची योजना राबवली गेली. मुलाबाळांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांना तेथील क्रमांक बहुधा ठाऊक नसतो: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, तर युरोपीय संघातील देशांत ११२.

रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णाच्या नातेवाइकांना जो प्रश्न सर्वप्रथम विचारतात, तो 'केव्हा लक्षात आले' हा नसून 'शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले' हा असतो. सकाळी सहाला उठल्यावर हात लुळा आढळला आणि रात्री दहाला रुग्ण व्यवस्थित बोलून झोपला होता, तर वेळ रात्री दहापासून मोजतात. मध्यरात्री तो पाणी प्यायला उठला होता आणि नीट चालला होता असे कोणी सांगितले, तर मध्यरात्रीपासून. मुदतीतील हे दोन तास एखाद्या नातवाच्या आठवणीतून परत मिळू शकतात. तीव्रता कमी-जास्त असली तरी घड्याळातील ही वेळ, चालू औषधांच्या पट्ट्या (विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या), आणि मधुमेह, रक्तदाब, अलीकडील शस्त्रक्रिया यांची माहिती घेऊन, रुग्णास शेवटचे पाहिलेल्या व्यक्तीनेच सोबत जाणे इष्ट असते.